खाचरातला स्ट्रायकर

पालीला सपाट जमीन फार थोडी. वर राजगड, खाली ओढा आणि मध्ये पायऱ्यांसारखी उतरत आलेली भाताची खाचरं. गडाच्या ज्या दरवाजाला आमच्या गावाचं नाव आहे, त्या पाली दरवाजाकडे रविवारी पुण्याची माणसं गाड्या लावून चढतात. आमचं वर जाणं कमीच, आमचं सगळं खाली. पावसाळाभर खाचरात चिखल, मग भात, आणि दिवाळीच्या मागेपुढे कापणी-झोडणी उरकली की थोड्याच दिवसांत जमीन टणक होते. मग पोरं बांधावर चपला काढून त्यात उतरतात. दोन दगड इकडे, दोन दगड तिकडे. झालं मैदान.

आमचा धाकटा याच मैदानात फुटबॉल शिकला. गावात बाकी सगळं क्रिकेट. फुटबॉल आला तो गडावर आलेल्या कुणाचा तरी एक चेंडू मागे राहिला म्हणून. तो चेंडू फुटला, मग दुसरा आणला, आता चौथा चालू आहे. असरनंतर मगरीबपर्यंत जेवढा उजेड तेवढा खेळ. मगरीबला हाक मारली की धाकटा धसकटांनी ओरबाडलेले पाय घेऊन येतो, नळाखाली धरतो, त्याच पाण्यात वुजू उरकायला बघतो आणि दादीच्या शिव्या खातो.

आम्ही म्हणजे त्याची अम्मी आणि अब्बा. बाजारपेठेत आमचं चिकनचं छोटं दुकान आहे. दोन खाचरं आहेत, घरात म्हातारी माणसं आहेत आणि तीन मुलं. हे लिहायला बसलो कारण गेल्या वर्षी आमच्या घरात जो प्रश्न उभा राहिला, तो तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरात आज उभा असेल. पोरगं खेळात चांगलं आहे, शिक्षक म्हणतात पाठवा, घरची म्हातारी म्हणतात नको. करायचं काय?

आमच्याकडे सुरुवात झाली ती हायस्कूलच्या खेळाच्या सरांपासून. ते एका संध्याकाळी दुकानात आले. कोंबडी घेतली, पैसे दिले आणि मग उभ्या उभ्याच म्हणाले, "तुमच्या पोराला क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीला बसवा. वय निघून गेलं की दार बंद होतं. त्याला गोल कुठे आहे हे न बघता कळतं. हे शिकवून येत नाही."

आम्ही हसलो. गोल म्हणजे दोन दगड, न बघता न कळायला काय झालं!

पण सरांनी एक नाव सांगितलं, अनिकेत जाधव. कोल्हापूरचा मुलगा, २००० सालचा जन्म, वडील रिक्षा चालवायचे. हा पोरगा लहानपणीच घर सोडून पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत आला. तिथे राहणं, जेवण, शाळा आणि सराव, सगळं सरकारी खर्चानं. तिथून तो देशाच्या १७ वर्षांखालच्या संघात गेला. २०१७ च्या ऑक्टोबरात त्या वयाचा विश्वचषक भारतात भरला, तेव्हा हा आघाडीला खेळत होता. फिफाच्या विश्वचषकात भारताचा पुरुषांचा संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ. दिल्लीत तीन सामने झाले. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४. तिन्ही हरले, पण पोरं खेळली. पुढच्याच महिन्यात त्याच पोरांना घेऊन केलेला इंडियन अॅरोज हा संघ मोठ्यांच्या आय-लीगमध्ये उतरला आणि पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० हरवलं. त्यातले दोन गोल अनिकेतचे.

सर निघून गेले. धाकटा मात्र दुकानाच्या मागे उभा राहून सगळं ऐकत होता.

त्या रात्री घरात बैठक बसली. अब्बाजी, म्हणजे मुलांचे दादा, वयाच्या सत्तरीत आहेत. आयुष्यभर बाजार करून त्यांनी घर उभं केलं. ते म्हणाले, "पोराला शाळेत घातलंय ते शिकायला का पाय मोडून घ्यायला? खेळून कुणाचं घर चाललंय? आणि चड्डीवर खेळायचं, नमाज चुकवायची, रमजानात उन्हात पळायचं. हे आपल्याला जमणार आहे का?"

यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं, म्हणून आम्ही गप्प बसलो. धाकटाही गप्प. त्याचं गप्प बसणंच आम्हाला टोचलं. हट्ट करणारं पोरगं समजावता येतं, गप्प बसलेल्याचं काय करावं कळत नाही.

मग आम्ही आपल्या परीनं माहिती काढायला लागलो. रात्री दुकान बंद झालं की मोबाईल घेऊन बसायचं. आम्हाला वाटलं होतं, खेळाडू म्हणजे एकतर कोट्यधीश नाहीतर वाया गेलेला. मधली माणसं आम्हाला माहीतच नव्हती.

स्ट्रायकर हा फुटबॉलमधला चमत्कारिक धंदा आहे, असं आमच्या लक्षात आलं. बाकीचे दहा जण राबतात तेव्हा त्याच्या पायाशी चेंडू येतो, कधी कधी नव्वद मिनिटांत दोनदाच. त्या दोन वेळांत गोल झाला तर तो हिरो, नाही झाला तर सगळा दोष त्याचा. आणि आपल्या देशात तर आणखी एक अडचण. इंडियन सुपर लीगमध्ये एका संघाकडून एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात चालतात. क्लबवाले त्यातला एक तरी बहुतेक वेळा गोल करणारा आणतात. म्हणजे देशी पोरगं स्ट्रायकर म्हणून वाढलं तरी मोठ्या संघात त्याला कडेनं पळायला लावतात, नाहीतर बाकावर बसवतात. अनिकेतलाही पुढे क्लबांमध्ये बऱ्याचदा कडेनंच खेळावं लागलं. जमशेदपूर, हैदराबाद, मग ईस्ट बंगाल, मग ओडिशा, असा त्याचा प्रवास. त्यात २०२१-२२ च्या हंगामात हैदराबादनं लीगचं अजिंक्यपद मिळवलं.

या हैदराबादवरून आम्हाला एक गोष्ट कळली. पुण्यात एफसी पुणे सिटी नावाचा क्लब होता, बालेवाडीला त्याचे सामने व्हायचे. २०१९ मध्ये तो बंद पडला आणि त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबादचा संघ आला. त्याआधी २०१७ च्या सुमारास पुण्याचाच डीएसके शिवाजियन्सही मिटला होता. म्हणजे खेळाडू चांगला असून भागत नाही, खाली क्लबही टिकावा लागतो. दुकानदार म्हणून हे आम्हाला लगेच कळलं. माल चांगला असला तरी पेठच उठली तर बसायचं कुठे?

आणखी एक गंमत. आम्ही कोंबड्यांच्या धंद्यातले. पुण्याची वेंकीज आम्हाला माहीत नाही असं कसं होईल? पण या कंपनीच्या घराण्यानं २०१० साली इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा जुना फुटबॉल क्लब विकत घेतला, हे आम्हाला धाकट्यानं सांगितलं. अनिकेत इंडियन अॅरोजनंतर सरावाला काही काळ याच ब्लॅकबर्नमध्ये जाऊन आला. अब्बाजींना हे सांगितलं तर ते पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "म्हणजे कोंबडी विकून फुटबॉल घेता येतो. फुटबॉल विकून कोंबडी मिळते का ते बघा."

त्याच ब्लॅकबर्नमध्ये जॉर्डन ऱ्होड्स नावाचा एक स्ट्रायकर होता. जन्म इंग्लंडचा, पण लहानपणी काही वर्षं शाळा स्कॉटलंडमध्ये झाली म्हणून तो स्कॉटलंडच्या संघाकडून खेळला. वडीलही खेळाडू, गोलकीपर. हडर्सफील्डकडून २०११-१२ च्या एका हंगामात त्यानं लीगमध्ये ३६ गोल मारले. मग वेंकीजच्या ब्लॅकबर्ननं त्याला ८० लाख पौंडांना घेतलं. आपल्या रुपयांत त्या वेळचे सत्तर कोटींच्या आसपास. तिथे साडेतीन वर्षांत त्यानं लीगमध्येच ८० च्या वर गोल केले. हे वाचून धाकट्याचे डोळे चमकले. पण आम्ही पुढचंही वाचलं. त्यानंतर मिडल्सब्रो, शेफील्ड वेन्सडे, नॉर्विचला उसना, पुन्हा हडर्सफील्ड, मग ब्लॅकपूल. जिथे मोठी रक्कम मोजून नेलं तिथे आधीसारखे गोल झाले नाहीत, कित्येक सामने बाकावर गेले. इतके गोल केलेल्या माणसालाही दर दोन-तीन वर्षांनी बोचकं बांधावं लागलं. तरी तो तिशी ओलांडून खेळत राहिला. धाकट्याला ते ३६ गोल दिसले. आम्हाला बोचकं दिसलं.

स्कॉटलंडचं नाव निघालं म्हणून मोहम्मद सलीमची गोष्टही सांगतो. कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगनं १९३४ पासून सलग पाच वर्षं तिथली लीग जिंकली, तो त्या संघातला कडेचा खेळाडू. १९३६ मध्ये तो स्कॉटलंडला गेला आणि ग्लासगोच्या सेल्टिक या नामांकित क्लबाच्या दुय्यम संघाकडून दोन सामने खेळला. अनवाणी! पायाला फक्त पट्ट्या गुंडाळून. समोरचे सगळे बूट घातलेले. लोकांना त्याचा खेळ इतका आवडला की क्लबाला तो राहायला हवा होता. पण त्याला घरची आठवण आली आणि तो परत कलकत्त्याला आला. ही गोष्ट आम्ही दादीला वाचून दाखवली. तिला सामने, क्लब यातलं काही कळलं नाही. ती एवढंच म्हणाली, "आईला किती बरं वाटलं असेल."

दादीचं हे वाक्य आमच्या मनात बसून राहिलं. कारण प्रबोधिनीत निवड झाली असती तर धाकट्याला तेराव्या वर्षी घर सोडावं लागणार होतं.

मध्ये एक वाईट अनुभव आला, तोही सांगायला हवा. कुठून तरी आमचा नंबर मिळवून एका खासगी अकादमीच्या माणसानं फोन केला. मुलगा "सिलेक्ट" झाला म्हणाला. आम्ही विचारलं, बघितला कधी? तर म्हणे व्हिडिओ बघितला. चाळीस हजार भरा, परदेशी कोच आहे, दोन वर्षांत क्लबमध्ये घालतो. आम्ही भाताचे पैसे बाजूला काढले होते. एका दुपारी जवळजवळ भरलेच होते. पण सरांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "खेळ बघायच्या आधी जो पैसे मागतो, तो खेळाडू शोधत नाही, गिऱ्हाईक शोधतो." पैसे वाचले. पण "सिलेक्ट" हा शब्द धाकट्यानं ऐकला होता. तो त्याच्या तोंडावरून उतरायला दोन दिवस लागले.

अब्बाजींच्या शंका आम्ही एका मौलानासाहेबांपुढे ठेवल्या. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, गुडघ्याखाली येणारी पँट घाला, नमाजची वेळ सांभाळा, सट्ट्याच्या वाटेला जाऊ नका, बाकी शरीर कमावणं वाईट नाही. मग त्यांनीच खालिद जमीलचं नाव काढलं. आम्हाला आश्चर्य वाटलं. कुवेतमध्ये जन्मलेला हा खेळाडू मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून खेळला. दुखापतींनी खेळ लवकर सुटला, मग प्रशिक्षक झाला. २०१६-१७ मध्ये मिझोरमच्या ऐझॉलसारख्या छोट्या क्लबाला त्यानं आय-लीग जिंकून दिली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये तो भारताच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. घरी येऊन हे सांगितल्यावर अब्बाजी म्हणाले, "म्हणजे पाय दुखावले तरी डोकं चालू ठेवलं." त्यांचा विरोध तिथे थोडा सैल झाला असावा.

चाचणीच्या दिवशी पहाटे निघालो. वेल्ह्याहून एसटीनं स्वारगेट, तिथून बालेवाडी. पोरांची ही गर्दी! उंची मोजली, वजन केलं. मग तीस मीटर पळणं, दोन रेषांमध्ये मागे-पुढे धावणं, उभ्यानं उडी, जड चेंडू फेकणं आणि शेवटी ८०० मीटर. फुटबॉल हातात येण्याआधीच बराचसा निकाल लागतो, हे आम्हाला तिथे कळलं. आमचा पोरगा डोंगरातला, दमाचा पक्का. ८०० मीटरला तो पुढच्यांत होता. पण उंचीत आणि उडीत मागे पडला. शेजारी सोलापूरकडची एक आई बसली होती. डबा उघडून तिनं आम्हाला भाकरी दिली, आम्ही तिला आमच्यातला खिमा दिला. तिचं पोरगं आणि आमचं पोरगं एकाच रेषेवर उभं होतं. कुणासाठी दुआ करावी? दोघांसाठी केली.

निकाल आला. नाव नव्हतं.

आता खरं सांगतो. यादीत नाव नाही हे कळलं तेव्हा आम्हा दोघांना आधी हलकं वाटलं. पोरगं घरी राहणार. बोचकं बांधायचं नाही, रडारड नाही, अब्बाजींशी वाद नाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनाही ते कळलं. मग धाकट्याकडे बघितलं. तो एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत होता. नसरापूर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. नसरापूरला गाडी आत वळली तेव्हा म्हणाला, "अब्बा, तुम्ही दोघं खूश आहात ना?"

आम्ही नाही म्हणालो. ते खोटं होतं आणि त्याला ते कळलं.

त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवलं की पोराशी खोटं बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला समोर बसवून सांगितलं. हो, आम्हाला बरं वाटलं, कारण तू लांब जाणार म्हणून आम्ही घाबरलो होतो. ती आमची भीती आहे, तुझा खेळ वाईट आहे असं नाही. तुला पुन्हा चाचणी द्यायची असेल तर वयात बसतोस तोवर आम्ही नेऊ. पण बारावीपर्यंत शाळा सुटणार नाही, हे आमचंही ऐकायचं. त्यानं मान हलवली. मग विचारलं, "उंची कशानं वाढते?" दादीनं त्याच दिवसापासून त्याच्या वाटीतलं अंडं दुप्पट केलं.

जुलैत बातमी आली की इंडियन सुपर लीगचा हंगामच लांबणीवर पडला. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार अडकला होता. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. देशासाठी खेळलेली पोरं घरी बसून होती. आम्ही ही बातमी त्याच्यापासून लपवली नाही. मोबाईल त्याच्याच हातात दिला. वाचून तो म्हणाला, "म्हणजे शाळा पाहिजेच." हे वाक्य आम्ही वर्षभर सांगत होतो. पण आमच्या सांगण्यानं जे झालं नाही, ते त्या खेळाडूंच्या हालानं झालं. त्याचं आम्हाला वाईटच वाटलं.

ज्यांच्या घरात असं पोरगं किंवा पोरगी आहे, त्यांना आमच्या अनुभवातून एवढंच सांगावंसं वाटतं. निवडीसाठी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. संस्था सरकारी असो की खासगी, आधी विचारा: शाळा कुठली, दुखापत झाली तर खर्च कुणाचा, मुलाला घरी केव्हा सोडतात, जेवण कसलं, रोज्याच्या दिवसांत सराव केव्हा ठेवतात? विचारायला लाजू नका. आणि मूल हरून आलं की "बरं झालं, आता अभ्यास कर" हे वाक्य निदान त्या दिवशी तोंडातून काढू नका. आम्ही काढलं नव्हतं, तरी ते त्याला ऐकू आलं.

आता पुन्हा खाचर मोकळं झालंय. या वर्षी एक बदल आहे. भात निघाल्यावर अब्बाजी स्वतः फावडं घेऊन उतरले आणि मधला एक उंचवटा त्यांनी कापून काढला. आम्ही म्हटलं, हे कशाला? तर म्हणाले, "पुढच्या लावणीला पाणी सारखं बसेल." धाकटा बांधावर उभा होता, तो हसला. अब्बाजी हसले नाहीत. त्यांनी फावड्यानं दोन दगड उचलले आणि मोजून आठ पावलांवर ठेवले. रोज असर झाली की ते बांधावर जाऊन बसतात. कुठलं पोर कुठे पळतंय हे त्यांना अजून कळत नाही. पण मगरीबची वेळ झाली की हाक आता आम्हाला मारावी लागत नाही, तेच मारतात.

पुढची चाचणी उन्हाळ्यात आहे. धाकटा रोज सकाळी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहतो आणि खडूनं खूण करतो. गेल्या महिन्यापेक्षा ती बोटभर वर सरकली आहे. त्याच्यासाठी आणि त्या सोलापूरकडच्या पोरासाठीही दुआ करा.